तुम्ही विचारलंत म्हणून: पिंग येतोय ना, मग स्क्रिप्ट कशाला?

महिन्यातनं दोनदा तरी हा प्रश्न येतोच. कधी नवीन पोरं विचारतात, कधी एखादे हेडक्लार्क, की सर, पिंग येतोय, म्हणजे नेटवर्कवरनं हाक मारली की उत्तर येतंय, म्हणजे चालू आहे, मग तुमची स्क्रिप्ट, तो आपोआप चालणारा छोटा प्रोग्राम, दर पाच मिनिटाला स्विचला काय विचारत बसते? मी लातूरला असतो, आणि निलंगा, अहमदपूर, उदगीर धरून 42 डबे सांभाळतो, ऑफिसांना नेट पोचवणारा स्विच असो का राऊटर, आम्ही सगळ्याला डबाच म्हणतो.

तर पिंग फक्त "आहेस का?" विचारतो. "कधीपासनं आहेस?" हे विचारायला एसएनएमपी लागतं, म्हणजे नेटवर्कवरच्या डब्यांना त्यांची हालहवाल विचारायची ठरलेली पद्धत. 1988 पासूनचं जुनं प्रकरण आहे, यूडीपीच्या 161 पोर्टवर चालतं, 1.3.6.1.2.1.1.3.0 असा लांबलचक नंबर पाठवायचा आणि डबा सांगतो मी किती वेळ झाला चालू आहे, तेही सेकंदाच्या शंभराव्या भागात.

उदगीरचं सांगतो. मे महिन्यात एका ऑफिसातनं रोज फोन, दुपारी दोनच्या सुमारास नेट जातंय. मी लॅपटॉप उघडून बघेपर्यंत पिंग चांगला, आणि मी म्हणणार तुमच्याच कॉम्प्युटरचं काहीतरी असेल. मग एकदा अपटाईम, म्हणजे डबा किती वेळ सलग चालू आहे ते, विचारला तर 14 मिनिटं! म्हटलं लाईट गेली असेल, आपल्याकडं काय नवल. पण त्याच यूपीएसवरचा बाजूचा स्विच म्हणत होता 80 दिवस. म्हणजे लाईट नाही, यूपीएस नाही, याच एका डब्याचा प्लग कुणीतरी काढतंय. दुसऱ्या दिवशी दीडलाच जाऊन बसलो, तर शिपाई मामा आले, प्लग उपटला आणि कूलरमध्ये पाणी भरायची मोटर लावली. विचारलं तर म्हणाले, "धाच मिनिटं लागतात सर, गर्मी लै हाय, तुमच्या डब्याला काय घाम येत न्हाई." त्यांचं चुकलं म्हणवत नाही, त्या खोलीत दुसरा बोर्डच नव्हता.

आता माझी स्वतःची फजिती. माझी स्क्रिप्ट डब्यांना विचारायला नेट-एसएनएमपी नावाच्या सॉफ्टवेअरची कमांड वापरते, ती उत्तर नाही आलं तर एक सेकंद थांबते आणि वरून पाच वेळा परत विचारते, म्हणजे मेलेल्या डब्यामागं सहा सेकंद. एखाददुसरा बंद असला तर काही वाटत नाही. पण एका पावसाळी रात्री लातूरची लिंकच गेली, 42 च्या 42 गप्प, आणि एकामागं एक विचारत स्क्रिप्टला चार मिनिटाच्या वर लागले, म्हणजे नेमकं गरजेच्या वेळी ती सगळ्यात मंद. आता एकदाच रिट्राय ठेवलाय आणि दहा-दहा डब्यांना एकदम विचारतो.

अजून एक, आणि यात भले भले फसतात. डब्यानं उत्तर दिलं नाही म्हणजे तो मेला असं नाही. कम्युनिटीचा शब्द, म्हणजे एसएनएमपीचा पासवर्डच समजा, चुकला तरी तो काही न बोलता गप्पच बसतो, त्यामुळं तिथं मात्र मी आधी पिंगच मारतो, हो, त्याचा उपयोग आहेच की. आणि तो शब्द "पब्लिक" ठेवू नका हो, अजून निम्म्या ठिकाणी तोच सापडतो. जमलं तर सरळ एसएनएमपीचं व्हर्जन 3 लावा, व्हर्जन 2 मध्ये तो शब्द वायरवरनं उघडाच जातो.

जाता जाता, हा अपटाईमचा काटा 32 बिटांचा आहे, 497 दिवसांनी फिरून शून्यावर येतो आणि डबा रीस्टार्ट झाल्यासारखा दिसतो. मराठवाड्यात याची चिंता करायची वेळ कधी आलीच नव्हती. पण निलंग्याच्या एका ऑफिसनं मागं सोलर आणि नवीन बॅटऱ्या बसवल्या, तिथला एक स्विच आज 311 दिवसांवर आहे, आणि मी सकाळी चहाच्या आधी तोच आकडा बघतो.