नामुगोंगोची वाट

युगांडात, कंपालात सहा वर्षं काढली, पण नामुगोंगोला, इथल्या ख्रिस्ती हुतात्म्यांच्या तीर्थाला, पायी जायला यंदाचा ३ जून उजाडावा लागला. सोबत ऑफिसातले जुने हिशेबनीस. मी त्यांना इथल्या रीतीने 'सेबो', म्हणजे साहेब, म्हणतो. पहाटे तीनला निघालो. जिंजा रोड, बांडा, किरेका. माती कोकणासारखी लाल आणि रात्रीच्या पावसाने चिकट. "मुयिंडी!", म्हणजे भारतीय, करत पोरं हाका मारत होती, हातात पाणी देत होती. आळंदीहून एकदाच चाललोय, तिथल्या 'माउली'ची आठवण झाली. लोकांच्या हातात जपमाळा आणि तीर्थ न्यायला रिकामे प्लास्टिकचे कॅन.

बुगांडा या इथल्या जुन्या राज्याच्या राजाने, म्हणजे काबाका म्वांगाने, १८८५ ते ८७ मध्ये ख्रिस्ती झालेल्यांना मारलं. त्यातल्या कितीतरी जणांना ३ जून १८८६ ला इथेच जिवंत जाळलं. एकूण हुतात्मे कॅथलिक २२, अँग्लिकन २३. कॅथलिकांना १९६४ मध्ये संतपद मिळालं. सेबोंची आई कॅथलिक, वडील अँग्लिकन. "त्यामुळे आमच्या घरात पुरे पंचेचाळीस," ते हसले.

क्यालिवाजालाला चहा घेताना मी विचारलं, मारलं कशासाठी?

"चर्चमध्ये सांगतात, दरबारातल्या पोरांनी धर्म सोडला नाही, राजाच्या वासनेलाही नकार दिला. माझे आजोबा म्हणायचे, राजाचा हुकूम मोडला की मरण, धर्म कुठलाही असो."

दोन्ही खरं असू शकतं. म्वांगा गादीवर आला तेव्हा जेमतेम सोळा वर्षांचा. किनाऱ्यावर जर्मन उतरलेले, आणि पूर्वेकडून येणारा राज्य गिळेल अशी दरबारात धास्ती. त्याच वाटेने आलेल्या बिशप हॅनिंग्टनला १८८५ मध्ये मारलं ते यातूनच. पुढे हाच म्वांगा इंग्रजांशी लढला, १८९९ मध्ये पकडला गेला आणि बाप्तिस्मा घेऊन १९०३ मध्ये सेशेल्सला वारला. माणसं जाळल्याची हकिकत मात्र बहुतेक मिशनऱ्यांनी आणि त्यांच्या शिष्यांनी लिहिलेली. मला ते खटकतं.

आणखी एक गोष्ट सेबोंनी चालता चालता सांगितली. म्वांगाच्या बापाने, मुतेसाने, दहाएक वर्षं आधी कित्येक मुसलमानांना इथेच जाळलं होतं. सुंता न झालेल्या राजाच्या घरचं मांस ते खाईनात. त्यांची मशीदही इथे आहे. पंचेचाळीसांत ते नाहीत.

बॅसिलिकापाशी पोचलो तेव्हा टाचेचा फोड फुटला होता. पारंपरिक झोपडीच्या घाटाची इमारत, बावीस खांब. सेबोंनी खिशातली नाणी मोजली, अर्धी दानपेटीत टाकली, अर्धी परत ठेवली.

"ही कसुबीला. म्वांगा तिथे निजलाय ना."