समोरचं घर

तबल्याच्या पुडीला, म्हणजे तोंडावर चढवलेल्या कातड्याला, सोळा घरं असतात. गजऱ्यातून, म्हणजे पुडीच्या काठाच्या वेणीतून, वादी (चामड्याची पट्टी) सोळा ठिकाणी ओवलेली असते. दोन ओवणींच्या मधली जागा म्हणजे एक घर. तबला आपण ‘लावतो’, म्हणजे हातोडीने ठोकून सुरात आणतो. घराघरांत लावालावी करणं वेगळं, पण हातोडी भलत्या जागी बसली की दोन्हींत फारसा फरक उरत नाही.

पहिलं घर षड्जाला, म्हणजे गाण्याच्या ‘सा’ला, लागलं की शेजारच्या दुसऱ्याकडे वळायचा मोह होतो. तो आवरावा. आधी समोरचं, म्हणजे नववं घर पाहायचं, मग पाचवं आणि तेरावं. या चार जागा जमल्या की मधली बारा घरं बरीचशी आपोआप जवळ येतात. कातडं शेवटी एकच. इकडची ओढ तिकडे पोचतेच. एखादं घर उतरलेलं वाटलं म्हणून त्याच्यावरच ठोकत राहिलं तर गजरा तिकडे कलतो आणि अख्खी पुडी तिरकी होते. पुष्कळदा खोट तिथे नसतेच. समोरचं घर चढलेलं असतं आणि हे बिचारं त्याच्यापुढे उतरलेलं वाटतं. अशा वेळी समोरच्या गजऱ्याला खालून वर हलकी टिचकी पुरते. नांदत्या घरातही तक्रार ज्या खोलीतून ऐकू येते, ताण त्याच खोलीत असेल असं नाही.

सूर बराच चढवायचा असेल तर गजऱ्याशी झगडू नये. वाद्यांखालचे आठही गट्टे (लाकडी ठोकळे) थोडेथोडे खाली सरकवावेत. सगळे, आणि सारखेच. नवी पुडी मात्र पहिले काही दिवस रोज उतरते, कारण कातडं अजून ताणलं जात असतं. नव्या संसारात रोज नव्याने लावावं लागतं, त्याला भांडण म्हणू नये.

नागपुरात तर अर्धा दोष हवेचाच. मे महिन्यात पारा 45 अंशांवर गेला की कोरड्या हवेत कातडं आकसतं. सकाळी काळी एकला (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराला) लावलेला तबला दुपारी चढलेला सापडतो. मग कूलर सुरू होतो. वाळ्यातून आलेली ओली हवा कातडं पितं आणि तबला उतरतो. कूलरसमोर बसून ‘काहून उतरला बे?’ असं त्याला विचारण्यात अर्थ नाही. हातोडी उचलण्याआधी जागा बदलून पाहावी. सिव्हिल लाइन्समधल्या वसंतराव देशपांडे सभागृहासारख्या ठिकाणी उन्हातून आत आणलेला तबला लगेच लावू नये. खोळ काढून पंधरा-वीस मिनिटं तसाच राहू द्यावा. (ज्यांचं नाव त्या सभागृहाला आहे, ते गायक म्हणून थोर, पण तबलाही चांगला जाणत.) बाहेरून तापून आलेल्या माणसालाही पंख्याखाली तेवढा वेळ देतोच की आपण. निदान द्यावा.

पेटीचा सूर मैफलीत हलत नाही. पात्या घासायच्या त्या कारागिरानेच. म्हणून जुळवून घेणं तबल्याच्या वाट्याला येतं, पण त्यालाही हद्द आहे. साडेपाच इंची पुडी साधारण काळी एकला खुलते. तिला ताणून काळी पाचला न्यायला गेलात तर आधी आवाज चिरका होतो, मग पुडी फाटते. गायिका काळी चार-पाचात गाणार असेल तर लहान तोंडाचा दुसरा तबला आणावा. इथे कुणाचंच चुकलेलं नसतं.

डग्ग्याचं, म्हणजे डाव्या हाताच्या जोडीदाराचं, सगळं निराळंच. त्याने खाली घुमावं, मनगटाच्या दाबाने सूर वर-खाली करावा. ‘धा’ हे अक्षर दोघांचं आहे: उजव्याचा ‘ना’, डाव्याचा ‘गे’, एकाच क्षणी. डावा जरा आधी पडला की ‘गेना’ ऐकू येतं, मग हात कितीही गोड असो. आणि सोळा मात्रांच्या तीनतालात डग्गा गप्पही बसतो. ‘खाली’ (तालातली टाळी नसलेली जागा) नवव्या मात्रेवर धरतात खरी, पण तिथे ‘धा’ वाजतो. डग्गा थांबतो दहाव्यापासून. दहा, अकरा, बारा, तेरा: उजवा एकटा. तेवढ्यात डावा हात उचलून मांडीवर ठेवायचा नाही, कातड्यावरच विसावू द्यायचा. कारण त्याला समेची, म्हणजे पुढच्या पहिल्या मात्रेची, वाट पाहायची नसते. सम अजून तीन मात्रा दूर असताना, चौदाव्यालाच, ‘धिं’ म्हणून हजर व्हायचं असतं.