वहीतलं पोतंभर मीठ

मोर्शी तालुक्यातल्या आमच्या दुकानाला पाटी नाही. कुणालाही विचारा, तिरडीवाल्याचं दुकान म्हणून दाखवतील. आजोबांचं मूळ दुकान किराण्याचं, मयतीचं सामान मागच्या कोपऱ्यात असायचं. हळूहळू किराणा आटला आणि तो कोपराच दुकान झाला. आमच्याकडे गिऱ्हाइकाला ‘या’ म्हणत नाहीत, निघताना ‘पुन्हा या’ तर नाहीच. घासाघीस नाही, आणि उंबऱ्याबाहेर गेलेलं सामान परत घेत नाही.

कोणाच्या घरी काय लागतं, हेच आमचं भांडवल. सवाष्ण गेली तर हिरवं लुगडं आणि चुडा. बौद्ध घरी पांढरं कापड, मेणबत्त्या. तिथे गुलालाची पुडी चुकून गेली तरी लोक दुखावतात, आणि बरोबरच आहे. मुस्लिम पुरुषाच्या कफनाला तीन कापडं, बाईला पाच. लिंगायतांत बसवून पुरतात. आजोबा हे घराणेवार वहीत लिहून ठेवत. सरकारी दाखल्यावर नाव, तारीख, ठिकाण असतं. जाळलं की पुरलं, ते नसतं.

ऑगस्टचे दिवस होते, झड लागली होती. दोघं भाऊ ट्रॅक्टर घेऊन आले. आई रात्री गेली होती. धाकट्यानं भराभर सामान सांगितलं: बांबू, मडकं, राळ, गोवऱ्या, आठ मण लाकूड. लाकूड ट्रॉलीत भरून झालं, मी सुतळी मोजत होतो, तेवढ्यात थोरल्याला बहिणीचा फोन आला. तिचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता. “माय उपदेशी होती. मायले जाळू नोका.”

महानुभाव पंथाच्या गोविंदप्रभूंचं रिद्धपूर आमच्याच तालुक्यात. त्यामुळे महानुभावांची घरं इकडे पुष्कळ, आणि अशीही घरं की आईनं पंथाचा उपदेश घेतलेला, म्हणजे ती उपदेशी, पोरं मात्र गणपती-महालक्ष्म्या बसवणारी. पंथात पुरतात. धाकटा म्हणाला, “अन् या पाण्यात खड्डा कुठं खंदता? स्मशानात टिनाचं शेड हाय, तिथं नेऊ.” त्याचं अगदीच चूक नव्हतं. काळ्या जमिनीत भर पावसाळ्यात कंबरभर खणलं की खालून पाणी फुटतं.

वडील गादीवरून उठले, जुनी वही काढली आणि काही न बोलता पान थोरल्यापुढे धरलं. या भावांच्या बापाचं पान, माझ्या आजोबांच्या अक्षरात: पांढरं कापड, फुलं, मीठ एक पोतं. लाकूड नाही.

थोरला बराच वेळ पाहत राहिला. “बंडीत याच पोत्यावर बसून गेलो होतो मी,” म्हणाला. धाकटा तेव्हा कडेवर होता, त्याला कुठून आठवणार? तो भडकला. “तुमची वही आता आमच्या घरात भांडनं लावन!” दुकानदारानं दुसऱ्याच्या घरात पडू नये, हे मलाही पटतं. पण वही दाखवायची नसेल तर ठेवायची तरी कशाला?

संत्र्याच्या बागेत धुऱ्याजवळ जरा उंच जागा होती. मीठ घेऊन मीही गेलो. पाणी लागलंच. दोन गडी घमेल्यानं उपसत होते, तरी खड्डा गढूळच. काळ्या वस्त्रातले साधू छत्री धरून उभे होते. धाकटा लिंबाखाली तोंड फिरवून बसलेला. मग एकाएकी उठला, “असं उपसतेत काय बे?” म्हणत गड्याच्या हातातलं घमेलं हिसकलं आणि शिव्या देत स्वतःच उपसू लागला. तळाला मीठ मीच ओतलं. निम्मं तर ओलीनं पोत्यातच ढेकूळ झालं होतं, हातानं फोडावं लागलं.

लाकडाचा प्रश्न उरला. आम्ही परत घेत नाही, आणि त्यांनाही ते घरी न्यायचं नव्हतं. शेवटी ट्रॉली स्मशानातल्या शेडमध्ये रिकामी केली. बेवारस प्रेत आलं की तिथे लाकूड लागतंच.

हिशेब करायला धाकटाच आला. सगळे पैसे मोजले. मी वहीत त्याच्या आईचं पान लिहायला घेतलं: कापड, फुलं, मीठ. तो वाकून पाहत होता.

“लाकूडबी लिहा,” म्हणाला. “आनलं होतं म्हना.”