थिजलेले खोबरेल आणि मटारच्या शेंगा

दादर, 13 जानेवारी, भोगी

मुंबईला हिवाळा नसतो असे म्हणणाऱ्यांनी जानेवारीतल्या एखाद्या सकाळी साडेआठ वाजता आमच्या शिशुवर्गाच्या दाराशी येऊन उभे राहावे. दीड ते तीन वर्षांची मुले कानटोपी, स्वेटर, आत आणखी एक बंडी आणि पायांत लोकरीचे मोजे अशा जामानिम्यात आईच्या किंवा आजीच्या कडेवरून उतरतात, आणि अकराच्या सुमारास त्यांतली बहुतेक मुले अर्ध्या बाह्यांच्या सुती कपड्यांत, अनवाणी, गॅलरीतल्या उन्हात बसलेली असतात. सांताक्रूझच्या वेधशाळेत जानेवारीत किमान तापमान सरासरी 17 अंशांच्या आसपास आणि कमाल 31 अंशांच्या आसपास असते. 1962 च्या जानेवारीत तेथे पारा 7.4 अंशांपर्यंत उतरला होता, पण तो अपवाद. आमचा नेहमीचा हिवाळा म्हणजे पहाटे आणि दुपारी यांच्यातला हा मोठा फरक. मोठ्या माणसांना त्याचा जाच होतो. माझ्या वर्गाला मात्र या फरकाने जे मिळते ते वर्षाच्या दुसऱ्या कोणत्याही महिन्यात मिळत नाही, कारण याच दिवसांत कपडे घालणे आणि काढणे हे मुलांचे खरेखुरे, गरजेचे काम होते.

आमच्यासारख्या मॉन्टेसरी वर्गात, म्हणजे इटालियन डॉक्टर मारिया मॉन्टेसरी यांच्या पद्धतीने मुले स्वतःच्या हातांनी काम करत शिकतात अशा वर्गात, बटणांच्या, चेनच्या, वेलक्रोच्या लाकडी चौकटी असतात. दोन पाखांचे कापड चौकटीवर ताणून बसवलेले असते आणि मूल समोर बसून ते उघडते, मिटते. बोटांना वळण लावायला ही साधने उत्तम आहेत, आणि मी ती बारा महिने वापरते. परंतु चौकट अंगात घालता येत नाही आणि तिच्यापासून ऊब मिळत नाही. दोन वर्षांच्या मुलाला जेव्हा स्वतःलाच उकडते आणि म्हणून ते स्वेटरच्या बटणाला हात घालते, तेव्हा त्या बटणात त्याचा जीव गुंततो. गेल्या आठवड्यात एक मुलगी आपल्या लाल स्वेटरच्या सर्वांत खालच्या बटणाशी इतका वेळ झटत होती की शेजारी संत्र्याचा रस काढण्याचे काम सुरू झाले, त्याचा वास खोलीभर पसरला, तरी तिने मान वर केली नाही. बटण निघाले तेव्हा तिने ते काढल्याचा आनंद साजरा केला नाही. ते पुन्हा लावायला घेतले. या वयात काम संपवण्यापेक्षा ते करीत राहण्यातच मुलाचे समाधान असते, आणि आपण मध्ये हात घालून पटकन बटण काढून दिले की तेच नेमके हिरावून घेतो.

स्वेटर घालण्याची आमची एक रीत आहे. पुढून उघडणारा स्वेटर जमिनीवर उताणा पसरायचा, गळ्याची बाजू मुलाच्या पायांकडे ठेवायची, मुलाने वाकून दोन्ही हात बाह्यांत घालायचे आणि सगळा स्वेटर डोक्यावरून मागे टाकायचा. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते उलटे वाटते, पण पाठीमागे हात नेऊन बाही शोधण्याची कसरत यात करावीच लागत नाही, म्हणून दोन वर्षांच्या आतल्या मुलांनाही ते जमू लागते. काल एका आजींनी दाराशी मला थांबवून काळजीने सांगितले, "अहो ताई, त्याला स्वेटर काढू देऊ नका हं, छातीत सर्दी बसते त्याच्या." मी त्यांना म्हटले, "आजी, सकाळी मी काढू देत नाही. पण ऊन वर आल्यावर घाम आला आणि तो अंगावरच वाळला तर तेही बरे नाही ना. तो स्वतः काढतो, आणि घरी निघताना स्वतः घालतो. उद्या तुम्ही थोडा वेळ थांबून पाहा." आज त्या थांबल्या. नातवाने स्वेटर डोक्यावरून मागे टाकला तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत, पण त्याच्या बाहीची दुमड सरळ करायला पुढे गेलेला हात त्यांनी आपणहून मागे घेतला. मला त्यांच्याविषयी फार आदर वाटला.

या दिवसांत शहरातल्या अनेक बालवर्गांत 'विंटर' हा विषय घेतात. फळ्यावर कापसाचा बर्फ चिकटवला जातो, मुलांना बर्फाच्या माणसाला नाक लावायला सांगतात आणि पाठीमागे पाइनची झाडे रंगवलेली असतात. हे करणाऱ्या शिक्षिका मनापासून कष्ट घेतात हे मला माहीत आहे, तरीही मला ते पटत नाही. तीन वर्षांखालचे मूल जगाची ओळख हाताने, जिभेने, नाकाने करून घेते. जे त्याने कधी स्पर्शले नाही त्याचे चित्र त्याला काहीच सांगत नाही. कापूस हातात देऊन 'हा बर्फ' असे सांगितले तर ते मूल कापसाविषयी आणि बर्फाविषयी एकाच वेळी चुकीचे शिकते. म्हणूनच आम्ही या वयात आधी वस्तू, मग तिचे नाव आणि त्यानंतरच तिचे चित्र असा क्रम ठेवतो.

आणि मुंबईच्या हिवाळ्यात हाताला लागण्याजोगे कितीतरी असते. खोबरेल तेलाचेच पाहा. ते साधारण 24 अंशांच्या खाली थिजते, त्यामुळे डिसेंबरच्या मध्यापासून सकाळी आमच्या हात धुण्याच्या जागेजवळची तेलाची काचेची बाटली पांढरीशुभ्र दिसू लागते. हात धुऊन कोरडे केल्यावर थोडे तेल चोळायचे हा आमचा हिवाळ्यातला नेम आहे, कारण गार वाऱ्याने मुलांच्या हातांची कातडी पांढुरकी पडते. काल सांडायचे ते तेल आज बाटलीतून पडतच नाही, हे लक्षात आल्यावर मुले बाटली उलटी धरून थबकतात. मग मी तेल लहान वाटीत काढून ठेवते. मूल बोटाच्या टोकावर पांढरा कण घेते, तळहातावर ठेवते, दुसऱ्या हाताने चोळते आणि तो नाहीसा होतो. हात उघडून कण कुठे गेला हे शोधणे, तळहाताचा वास घेणे, पुन्हा बोट वाटीत घालणे असे किती वेळ चालते! उरलेली बाटली आम्ही गॅलरीतल्या उन्हात ठेवतो. या दिवसांत सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्यामुळे आमच्या दक्षिणेच्या गॅलरीतून ऊन थेट खोलीच्या मध्यापर्यंत येते, आणि ती जागा सरकली की मुले आपली चटईही तिच्यामागून सरकवत नेतात. साडेदहापर्यंत तेल पातळ झालेले असते. घन आणि द्रव हे शब्द त्यांना पुढे कधीतरी शाळेत भेटतील, पण तो अनुभव त्यांच्या हातांना आजच आलेला असेल.

याच दादरमध्ये 1936 साली बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी शिशुविहार ही बालशिक्षणाची संस्था सुरू केली, आणि पुढे 1945 मध्ये त्या डहाणूजवळच्या बोर्डी गावी गेल्या, तेथून कोसबाडला. मॉन्टेसरीची महागडी साधने खेड्यातल्या मुलांना परवडणारी नाहीत हे ओळखून त्यांनी आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी पाने, बिया, दगड, शिंपले अशा भोवतालच्या वस्तूंतून बालशिक्षण उभे केले. मला वाटते, त्यांनी काटकसर तर साधलीच, पण त्याबरोबर मूल जिथे जगते तिथल्याच गोष्टी त्याच्या हाती दिल्या. आपण शहरातल्या शिक्षिकांनी हे त्यांच्याकडून घ्यायला हवे.

आजचा दिवस भोगीचा, म्हणून सकाळपासून मटार सोलणे चालू होते. थंडीतला मटार कोवळा आणि शेंगा भरलेल्या असतात, त्यामुळे हे काम याच महिन्यांत करण्याजोगे. मोठ्या मुलांना शेंगेची शीर दाबून ती फोडता येते. लहानांसाठी मी टोकाशी शेंग थोडीशी उकलून ठेवते, म्हणजे अंगठा आत सरकतो. एकीकडे दाण्यांची वाटी, दुसरीकडे टरफलांची परात. शेंग उघडताना होणारा आवाज ऐकून एक मुलगा दर वेळी माझ्याकडे पाहत होता. दुसऱ्या एका मुलाने सगळे दाणे काढले आणि मग ते एकेक करून शेंगेत परत बसवायला सुरुवात केली. त्याला ते दाणे त्यांच्या मूळ जागी हवे होते. प्रत्येक वस्तूला तिची जागा असावी हा या वयाचा आग्रह डॉ. मॉन्टेसरी यांनी फार बारकाईने टिपला आहे, आणि ज्याला आपण हट्ट म्हणतो त्यात पुष्कळदा हाच आग्रह असतो. मी त्याला थांबवले नाही. भाजीला मटार थोडे कमी पडले तर चालतात.

मावशींनी वांगी, गाजर, वालपापडी आणि हे मटार घालून भोगीची भाजी केली. बाजरीची भाकरी थापली की तव्यावर टाकण्यापूर्वी तिच्यावर तीळ लावायचे काम मुलांचे, आणि त्यासाठी मावशींनी परात खाली, मुलांच्या उंचीच्या चौरंगावर आणली होती. त्यांच्या सवयीपेक्षा स्वयंपाकाला दुप्पट वेळ लागला असेल, पण त्यांनी एकदाही घाई केली नाही. जेवताना एका मुलीने वाटीतला मटार बोटांत धरून "माझा" असे जाहीर केले आणि मगच तो खाल्ला. एरवी ती भाजीला हात लावत नाही.

भाजलेले तीळ खलबत्त्यात कुटणे मात्र सर्वांचे आवडते काम ठरले. दोन वर्षांच्या आसपास मुलांना जड वस्तू उचलण्याची, पूर्ण ताकद लावण्याची ओढ असते. घरी तीच ओढ खुर्ची ढकलण्यात, पाण्याची बाटली ओढण्यात दिसते आणि त्यावरून बोलणी बसतात. बत्ता दोन्ही हातांनी उचलून खाली आणायचा, तिळाचा वास वर आला की वाकून पाहायचे, या कामात सकाळी येतानाच रडणारे एक मूल आज सर्वांत जास्त वेळ रमले.

हिवाळा म्हटला की सर्दी आलीच. आरसा, मऊ सुती रुमालांची थप्पी आणि झाकणाचा डबा असे तिन्ही एका बुटक्या शेल्फवर ठेवले आहे. आरशात पाहायचे, रुमाल घ्यायचा, एक नाकपुडी दाबून दुसरी शिंकरायची, पुन्हा आरशात पाहायचे, रुमाल डब्यात टाकायचा आणि हात धुवायचे. 6 जानेवारी 1907 रोजी, अशाच थंडीच्या दिवसांत, रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत डॉ. मॉन्टेसरी यांचे पहिले बालगृह उघडले. त्यांनी एकदा तिथल्या मुलांना आवाज न करता नाक कसे शिंकरावे हे दाखवले आणि पाठ संपताच मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्या ध्यानात आले की नाकावरून मुलांना सारखे बोलले जाते, पण ते साफ कसे करावे हे शांतपणे कोणीच शिकवत नाही, आणि मुलांना त्यातला अपमान कळतो. हा प्रसंग मला दर हिवाळ्यात आठवतो. पाठीमागून येऊन मुलाचे नाक खसकन पुसून टाकणे हे आपण इतक्या सहज करतो, पण मोठ्या माणसाच्या बाबतीत ते करण्याचे आपल्या मनातही येणार नाही. मी समोर गुडघ्यावर बसते, विचारते आणि मुलाने मान डोलावली की मगच रुमाल पुढे करते. ही काही क्षणांची सभ्यता मुलाला दिसते आणि ते ती पुढे इतरांशीही वापरते.

बागेत जाणे मात्र या महिन्यात हवेवर ठरते. सकाळी वारा पडलेला असतो, बांधकामांची धूळ आणि धूर खालीच साठून राहतात, आणि समोरच्या इमारती धुरकट दिसल्या की आम्ही आत राहतो.

उद्या संक्रांत, आणि रथसप्तमीपर्यंत घरोघरी बोरन्हाणे होतील. हा सोहळा याच वयाच्या मुलांचा असूनही पुष्कळदा त्यात मूलच भेदरलेले दिसते: काळे नवे कपडे, हलव्याचे टोचणारे दागिने, भोवती अनोळखी माणसे आणि एकाएकी डोक्यावर ओतला गेलेला खाऊ. आम्ही वर्गात करतो तेव्हा चुरमुऱ्यांची परात आधी मुलांपुढे ठेवतो, त्यांना हात बुडवू देतो, ओंजळी भरू देतो, आणि ज्याला हवे त्याच्याच डोक्यावरून ओततो. मुलांचा खरा आनंद नंतरच्या वेचण्यात असतो, आणि बारीक वस्तू चिमटीत धरण्याचा त्यांना कंटाळा येत नाही. शेंगदाणे, हरभरे, हलवा आणि बियांची बोरे मात्र आम्ही पूर्णपणे वगळतो, कारण तीन वर्षांखालच्या मुलाच्या श्वासनलिकेत असा कडक दाणा अडकू शकतो. मटार सोलतानाही एक मोठे माणूस शेवटपर्यंत चटईजवळून उठत नाही, ते याचसाठी.

पालकांसाठी आज रात्री चिठ्ठी लिहून ठेवायची आहे. स्वेटर शक्यतो पुढून उघडणारा आणि मोठ्या बटणांचा द्यावा, मोज्यांची इलॅस्टिक सैल असावी, जुन्या मऊ सुती साड्यांचे तुकडे रुमालांसाठी पाठवावेत, आणि सकाळी दाराशी दहा मिनिटे हाताशी ठेवून यावे, म्हणजे मूल आपली टोपी स्वतः काढून खुंटीवर लावू शकेल.