नव्या गाडीचा पहिला लांबचा प्रवास: १,१९० किमीनंतर काय दिसलं

१.२ लिटर पेट्रोल इंजिन, पाच गिअरची मॅन्युअल गाडी. निघताना मीटरवर ३८ किमी. चार माणसं, भरलेली डिकी, तीन दिवस. बराचसा हायवे, मधे घाट आणि शेवटी ७० किमी उखडलेला रस्ता. पहिल्या लांबच्या प्रवासात जाणवणाऱ्या काही खोडी नवेपणाच्या असतात, त्या आपोआप जातात. काही खरे दोष असतात, ते वॉरंटीत दुरुस्त करून घ्यावे लागतात. त्यांची गल्लत सहज होते, म्हणून हे सविस्तर.

सुरुवात टायरच्या हवेपासून. नव्या गाड्या वाहतुकीत आणि यार्डात असताना टायर चपटे पडू नयेत म्हणून हवा जास्त ठेवतात, आणि ताब्यात देताना ती उतरवायची राहून जाऊ शकते. या गाडीत ४२ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) निघाली. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर कमी भारासाठी ३३ आणि पूर्ण भाराला मागच्या चाकांसाठी ३६ होती. अशा फुगलेल्या टायरवर गाडी खड्ड्यात दणकते आणि सस्पेन्शन विनाकारण बदनाम होतं. हवा सकाळी, टायर थंड असताना मोजा. तासाभराच्या हायवेनंतर ती ४-५ पीएसआय चढते. स्टिकरवरचा आकडा थंड टायरचाच असतो, तेव्हा वाटेत गरम टायरमधली हवा काढू नका. जॅक, पाना, टोइंग हुक जागेवर आहेत का तेही घरीच पाहा. स्टेपनी अरुंद असेल तर तिच्यावर वेगमर्यादा छापलेली असते, बहुतेक ताशी ८० किमी.

पहिल्या हजार किमीत क्रूझ कंट्रोल लावून तासन् तास एकाच वेगात जाणं टाळा. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीला नीट बसायला कमी-जास्त भार लागतो. इथे दर दहा-पंधरा मिनिटांनी वेग ७० ते ९५ दरम्यान बदलत ठेवला, आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) ३,५००च्या आत. पाचव्या गिअरमध्ये १,३०० आरपीएमवर अॅक्सिलरेटर दाबून गाडी ओढायला लावणं त्याहून वाईट. लोक मायलेजसाठी नेमकं तेच करतात. गाडीबरोबरच्या माहितीपुस्तिकेत वेगळे आकडे असतील तर तेच पाळा.

नवे ब्रेक सुरुवातीला कमी पकडतात, नवे टायरही. मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नसताना, ६० वरून १५ पर्यंत मध्यम दाबाने आठ-दहा वेळा वेग उतरवा आणि दर वेळी किलोमीटरभर चालवून ब्रेक गार होऊ द्या. तापलेल्या ब्रेकवर गाडी थांबवून पेडल दाबून धरू नका. पॅडचा थर डिस्कवर एकाच जागी चिकटतो आणि पुढे ब्रेक थरथरतात.

थरथरीचं निदान मात्र बारकाईने करायला हवं. सकाळी जाणवून १५-२० किमीत गेली तर टायर उभ्या-उभ्या एका बाजूला चपटे झाले होते, चिंता नाही. ९० ते ११० दरम्यान स्टीअरिंग थरथरून त्याहून कमी-जास्त वेगात शांत होत असेल तर चाकांचं बॅलन्सिंग करून घ्या. फक्त ब्रेक लावल्यावर थरथरत असेल तर डिस्क तपासायला सांगा. या गाडीत मधला प्रकार निघाला. गाडी एका बाजूला ओढत असेल तर आधी सपाट रस्ता शोधा, कारण रस्त्याच्या कडेच्या उतारानेही ती ओढते. सपाटीवर सरळ जाताना स्टीअरिंग तिरकं राहत असेल तर अलाइनमेंट करून घ्या.

घाट ज्या गिअरमध्ये चढलात त्यातच किंवा एक खालच्या गिअरमध्ये उतरा. पूर्ण भारात मागची बाजू दबते आणि दिव्यांचा झोत वर जातो. डॅशबोर्डवरच्या चकतीने तो खाली आणा, समोरच्याचे डोळे दिपत नाहीत.

मायलेज स्क्रीनवरून ठरवू नका. टाकी पहिल्या कटऑफपर्यंत (पंपाचा नोझल आपोआप बंद होईपर्यंत) भरा, चालवा, पुन्हा तशीच भरा. ४१२ किमीला २४.६ लिटर लागलं, म्हणजे १६.७, स्क्रीन १८.१ दाखवत होती. स्पीडोमीटरही थोडा जास्तच दाखवतो: काटा १०० वर असताना जीपीएसवर ९५.

खडखड ऐकू आली की आधी डिकी, दाराचे कप्पे आणि वापरात नसलेल्या सीटबेल्टची बकलं तपासा. तरीही राहिली तर वेग, गिअर, रस्ता, एसी चालू की बंद आणि मीटरवरचे किमी लिहून ठेवा. ‘आवाज येतो’ एवढं सांगितलं तर मेकॅनिक आवारात फेरी मारून ‘काही नाही’ म्हणेल. ‘तिसऱ्या गिअरमध्ये ४० ला, उखडलेल्या रस्त्यावर, डाव्या मागच्या दारातून’ असं सांगितलं तर त्याला तो ऐकता येतो. शक्यतो त्याच्याबरोबर गाडीत बसा.

परतल्यावर सपाट जागी इंजिन बंद करून दहा मिनिटांनी डिपस्टिक (ऑइलची पातळी मोजायची पट्टी) काढा. नवं इंजिन थोडं ऑइल खातं. पातळी दोन खुणांमध्ये असेल तर ठीक, खालच्या खुणेला टेकली असेल तर पहिल्या सर्व्हिसची वाट पाहू नका.