नाझियाची कॅसेट टेपमध्ये घालण्याआधी

लहानपणी जीव लावलेली कॅसेट माळ्यावरच्या डब्यात सापडली की हात थेट प्लेच्या बटणाकडे जातो. जरा थांबा. नाझिया हसनचं ‘डिस्को दीवाने’ (१९८१) काय किंवा अलिशा चिनॉयचं ‘मेड इन इंडिया’ (१९९५) काय, गाणी मोबाइलवर आहेतच. (दोन्हींचं संगीत बिद्दूचं, हे पुष्कळांना ठाऊक नसतं.) पण डब्यात निघते ती अनेकदा विकतची कॅसेट नसतेच. शेजारच्यांकडून भरून घेतलेली, नाहीतर टीव्हीच्या स्पीकरसमोर टेप ठेवून भरलेली असते. मध्येच कुकरची शिट्टी, मागून कुणाची तरी हाक. ती प्रत कुठल्याही ॲपवर मिळायची नाही, म्हणून ती लॅपटॉपवर उतरवून घ्यायचा एवढा खटाटोप.

आधी खिडकीतून फीत बघा. गुंडाळीच्या कडेवर कापसासारखे पांढरे ठिपके असले तर ती बुरशी. मुंबई-कोकणच्या दमट हवेत अशी कॅसेट हमखास निघते. तशीच वाजवली तर बुरशी हेडला (टेपमधला फीत वाचणारा भाग) लागते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटवर उतरते. तोंडाला मास्क लावून, गॅलरीत बसून, फीत हाताने फिरवत कोरड्या मऊ कापडातून ओढून काढायची. फिरवायला षटकोनी बॉलपेन घ्या. चाकाच्या सहा दात्यांत ते घट्ट बसतं, पेन्सिल जरा सैल पडते.

मग कॅसेटची उघडी कड बघा. मधोमध धातूच्या बारीक पट्टीवर फेल्टची इवलीशी गादी असते. फीत हेडवर दाबून धरणं हे तिचं काम. जुना गोंद वाळून ती गळून पडते आणि मग आवाज दबका येतो, कमीजास्त होत राहतो. लोक म्हणतात कॅसेट खराब झाली. फीत बहुधा ठणठणीत असते, गेलेली असते ती गादी. पाच स्क्रूची रिकामी कॅसेट घ्या आणि दोन्ही गुंडाळ्या तिच्यात बसवा. जुनी कॅसेट चिकटवलेली असेल तर सांध्यात ब्लेड घालून हळूहळू उकला, पण टेबलावर आडवी ठेवूनच. उभी धरली की फितीची गुंडाळी मधूनच निसटते आणि तीसेक मीटर फीत जमिनीवर येते. बसवताना फितीला पीळ पडला तर दुसऱ्या बाजूचं गाणं उलटं आणि गुदमरल्यासारखं ऐकू येतं. असं झालं तर घाबरू नका, पीळ शोधा.

तुटलेल्या फितीला सेलोटेप नको. त्याचा गोंद पाझरतो, शेजारच्या थराला चिकटतो, शेवटी हेडवर बसतो. कॅसेटची फीत जोडायची खास चिकटपट्टी, म्हणजे स्प्लायसिंग टेप, मिळते, तीच वापरा. टोकं एकावर एक ठेवून तिरकी कापा, आणि पट्टी आतल्या बाजूने लावा. हेडला लागते ती बाहेरची बाजू. फीत सेकंदाला ४.७६ सेंमी धावते, त्यामुळे चुरगळलेला १ सेंमी कापला तर गाण्यातला जेमतेम पाव सेकंद जातो. तेवढ्यासाठी जीव कासावीस करून घेऊ नये.

आता मशीन. टेप कॅसेट ‘खातो’ त्याचं कारण ठरलेलं: रबराचा रोलर फीत पुढे ढकलत राहतो, पण ती गुंडाळून घेणारं चाक सैल बेल्टमुळे अडलेलं असतं. वर्षानुवर्षं पडून असलेल्या टेपचा बेल्ट आधी बदला. हेड आणि रोलर जिच्यावर दाबून बसतो ती धातूची दांडी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. काडीवरचा कापूस तपकिरी यायचा थांबेपर्यंत. रबराला मात्र अल्कोहोलपेक्षा साबणाचं किंचित ओलं फडकं बरं. पहिली तपासणी नेहमी एखाद्या टाकाऊ कॅसेटवर करा. यूएसबीचे स्वस्त वॉकमन घेऊच नका. त्यांचा वेग डुलतो, आणि डुललेला सूर नंतर सरळ करणं महाकठीण.

वेग तपासायला मोबाइलवरचं तेच गाणं लावून बघा. पाच मिनिटांचं गाणं नऊ सेकंद आधी संपत असेल तर टेप सुमारे ३ टक्के पळतोय, म्हणजे पेटीच्या शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांतलं जवळजवळ निम्मं अंतर सूर वर. पण दोन्हीकडे गाण्याची आवृत्ती एकच आहे ना, ते आधी बघा. बऱ्याच मोटरींच्या मागे भोक असतं, त्यातला स्क्रू फिरवून वेग जुळतो.

खरी गंमत हेडच्या शेजारच्या छोट्या स्क्रूची. त्याने हेडचा कल बदलतो. घरी भरलेली कॅसेट ज्या टेपवर भरली त्याचं हेड जेवढं तिरकं, तेवढीच ती तिरकी भरलेली असते, त्यामुळे प्रत्येक कॅसेटला कल नव्याने लावावा लागतो. आवाज मोनो करून (डावा-उजवा एकत्र करून) ऐका, स्क्रू अगदी थोडा फिरवा आणि ‘स्स्’ सगळ्यात लख्ख येईल तिथे थांबा. नाझियाच्या गाण्यात झांजेचा छमछमाट अचानक पडद्याबाहेर आल्यासारखा वाटतो. आधीची जागा खुणेने लक्षात ठेवा.

लॅपटॉपच्या माइकच्या भोकात वायर खुपसू नका. ते बहुधा मोनो असतं आणि आवाज फाटतो. टेपचा आवाज लॅपटॉपला पोचवणारी लाइन-इनची यूएसबी डबी (ऑडिओ इंटरफेस) घ्या, ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास राहू द्या. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झला साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू साधारण ५२० एमबी होते. खरखर काढायचा मोह झाला तर ६ डेसिबलवर थांबा. त्यापुढे गायिका पाण्याखालून गाते. कॅसेटवर डॉल्बीची (खरखर कमी करणाऱ्या पद्धतीची) खूण नसेल तर डॉल्बी बंदच ठेवा. आणि गाण्यांचे तुकडे नंतर करा; आधी प्रत्येक बाजूची एकच अखंड फाइल जपून ठेवा, कुकरच्या शिट्टीसकट.