बॉम्बास्टिक भाषा आणि सांवरीचा कापूस

नुसते मोठमोठे शब्द आणि आत काहीच नाही अशा भाषेला इंग्रजीत बॉम्बास्टिक म्हणतात, आणि बऱ्याच जणांना तो शब्द बॉम्बवरून आलाय असं वाटतं. पण त्याचा बॉम्बशी काही संबंध नाही, तो आलाय कापसावरून!

मध्ययुगीन लॅटिनमध्ये बॉम्बॅक्स म्हणजे कापूस, तो शब्द फ्रेंचमधून सोळाव्या शतकात इंग्रजीत आला आणि बॉम्बास्ट म्हणजे कपड्यांच्या अस्तरात भरायचा कापूस असा अर्थ झाला. तेव्हा इंग्लंडात पुरुष डबलेट नावाचं जाकीट घालायचे आणि छाती-पोट भरदार दिसावं म्हणून त्यात कापूस कोंबायचे. फिलिप स्टब्ज नावाच्या लेखकाने १५८३ मध्ये चिडून लिहिलंय की त्यात चार, पाच, सहा पौंड बॉम्बास्ट भरतात आणि मग या लोकांना धड वाकताही येत नाही.

तिथून तो शब्द भाषेत शिरला. १५९२ मध्ये रॉबर्ट ग्रीन या इंग्रज नाटककाराच्या नावाने छापलेल्या पुस्तिकेत एका नव्या नट-लेखकाला टोमणा आहे की हा ओळींत बॉम्बास्ट भरतो, आणि तो नट-लेखक म्हणजे शेक्सपियर असं बहुतेक अभ्यासक मानतात. पुढे शेक्सपियरच्याच ऑथेल्लो नाटकाच्या पहिल्याच प्रवेशात इयागो आपल्या सेनापतीच्या बोलण्याला हाच शब्द लावतो, युद्धाच्या विशेषणांनी ठासून भरलेलं बोलणं म्हणून. फस्टियन हा शब्दही तसाच, मूळ जाड्याभरड्या कापडाचा, नंतर फुगीर भाषेचा.

आणि आपल्याकडे शिगम्याच्या दिवसांत लाल फुलांनी भरते ती सांवर, तिचं शास्त्रीय नाव बॉम्बॅक्स सेइबा! लिनियसने १७५३ मध्ये दिलेलं. तिचा कापूस इतका आखूड आणि गुळगुळीत की सूत काढायला जवळजवळ निरुपयोगी, म्हणून तो उशीत भरतात. म्हणजे बॉम्बास्टचं मूळ कामच.

म्हणूनच आपल्या जत्रेतल्या ऐतिहासिक नाटकांना कोणी सरसकट बॉम्बास्टिक म्हटलं की मला राग येतो. देवळासमोर मध्यरात्री शेवटच्या रांगेतल्या आजीपर्यंत संभाजी पोचवायचा तर आवाज चढणारच, वाक्य लांबणारच. ग्रीनचा आक्षेप मोठ्या आवाजावर नव्हता, भरतीवर होता. ज्या नटाला भूमिका खरंच कळलीय त्याच्या पल्लेदार वाक्यात भरती नसतेच, आणि हा फरक आपल्या गावच्या प्रेक्षकाला पहिल्या प्रवेशातच कळतो.